चौदातीन आप्पा

आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात, मग खिशातून एक रुपयाचं नाणं काढतात. आतून पाणी येईपर्यंत हॉलमधल्या चार-सहा टाइल वाजवून झालेल्या असतात. ठणठणीत आवाज आला की आप्पांचा चेहरा पडतो. भद्द असा पोकळ आवाज आला की डोळे लकाकतात, आणि ते यजमानांना विचारतात, "ताबा कधी घेतलात?" लग्नाला गेले तर कार्यालयाच्या खांबावरचा तडा आधी पाहतात, वधूवर नंतर. मध्यंतरी एका नातेवाइकाला भेटायला दवाखान्यात गेले होते. परत आल्यावर मी विचारलं, "कसं आहे?" म्हणाले, "बीम आणि भिंतीच्या सांध्यात जाळी मारलेली नाही. दोन पावसाळ्यांत भेग पडणार."

आमच्या धायरीच्या सोसायटीत त्यांना तोंडावर आप्पा आणि पाठीमागे चौदातीन म्हणतात. रेरा कायद्याचं कलम चौदा, उपकलम तीन. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष, मग तो सांगाड्याचा असो, कारागिरीचा असो की मालाच्या प्रतीचा, बिल्डरच्या नजरेस आणून दिला तर त्यानं एक पैसाही न घेता तीस दिवसांत तो दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. हे आप्पांना पाठ आहे आणि आता आम्हालाही. आमच्या विंगमधला तिसरीतला मुलगासुद्धा क्रिकेट खेळताना काच फुटली की "तीस दिवसांत दुरुस्त करून देतो" म्हणतो.

जुन्या मोफा कायद्यात ही मुदत तीनच वर्षांची होती. "सरकारनं दोन वर्षं वाढवून दिली," असं आप्पा एखाद्याला सेवेत मुदतवाढ मिळाल्याच्या सुरात सांगतात. त्यांची स्वतःची निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, वेळेवर झाली. पाटबंधारे खात्यात ते कारकून होते. आयुष्यभर धरणांच्या गळतीवर टिपणं लिहिली, आणि ती टिपणं कुणी वाचली नाहीत ही त्यांची जुनी जखम आहे. त्यामुळे बाथरूमच्या छताला नाण्याएवढा ओलसर डाग दिसला तरी आप्पा दोन वाक्यांत पानशेतला पोचतात. "१२ जुलै १९६१. सकाळपर्यंत लोक म्हणत होते, काही होत नाही." यावर पुण्यात कुणी काय बोलणार? समोरचा माणूस नकळत दोन पायऱ्या वर चढून उभा राहतो.

त्यांची कामाची पद्धत मात्र पक्की आहे. तडा दिसला की त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ आणि बाजूला तारीख. महिन्याभरानं तडा रेघेच्या पुढे गेला तर तो जिवंत, नाहीतर मेलेला. जिवंत तड्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवायची. भिंत हलली तर पट्टी तडकते. जिन्यात अशा पट्ट्या इतक्या आहेत की दिवाळीत रंगारी आला तेव्हा आधी आप्पांची लेखी परवानगी घ्या म्हणून त्याला परत पाठवावं लागलं. फोटोतही ते कच्चं काही ठेवत नाहीत. ओल आलेल्या भिंतीसमोर काकूंना त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून उभं करतात, म्हणजे तारखेवर कुणाला बोट ठेवता येऊ नये. हिंदी सिनेमात पळवून नेलेल्या माणसांचे फोटो असेच काढतात. काकूंच्या चेहऱ्यावरचा भावही साधारण तोच असतो.

काकूंच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र वर्षभर टिपटिपतोय. तो आप्पा पाहत नाहीत. "नळाचा वॉशर ही अंतर्गत दुरुस्ती. त्यात बिल्डरचा दोष नाही." दोष नसलेल्या गळतीत त्यांना रस नाही.

दोष सांगायचा तर लेखी. फोनवर बोललेलं आप्पांच्या लेखी घडलेलंच नसतं. बिल्डरच्या ऑफिसातली ग्राहकसेवेची मुलगी गोड आवाजात "सर, मी साइटला कळवते" म्हणते, की हे लगेच, "आपण आत्ता फोनवर जे म्हणालात ते मला ईमेलवर पाठवा." ती पाठवत नाही. मग आप्पाच तिला ईमेल पाठवतात: "आज सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी आपण असे म्हणालात की..." खाली पाच जणांना प्रत. २०२५ मध्ये पोस्टानं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं तेव्हा आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं काकू सांगतात. 'नोंदणीकृत टपालाने, पोचदेय' हे शब्द त्यांनी चाळीस वर्षं कागदाच्या डोक्यावर लिहिले होते.

आणि इथेच आप्पांची आणि सोसायटीची कुंडली जमत नाही. गळती थांबावी असं आमच्याकडे प्रत्येकाला वाटतं, पण ती कागदावर यावी असं कुणालाच वाटत नाही. कुणाला फ्लॅट विकायचाय, कुणाला भाडेकरू आणायचाय, कुणाच्या मुलीच्या स्थळाकडची मंडळी रविवारी घर बघायला यायची आहेत. "इमारत गळते" असं सोसायटीच्या शिक्क्यानिशी एकदा लिहिलं की चौरस फुटाचा भाव खाली येणार, ही भीती गळतीपेक्षा मोठी. म्हणून लोक काय करतात, तर फॉल्स सीलिंग. छताला ओल आली की खाली प्लास्टर ऑफ पॅरिसचं दुसरं छत लावायचं, त्यात पिवळे दिवे बसवायचे आणि म्हणायचं, "इंटिरियर केलं." पुण्यातल्या नव्या इमारतींतली निम्मी हौस ही अशी ओलीतून उगवलेली आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मालकांनी तर आप्पांना मध्यरात्री फोन करून सांगितलं, "माझ्या फ्लॅटचा नंबर तुमच्या यादीतून काढा. भाडेकरू गप्प आहे ना, मग तुम्हीही गप्प बसा."

चेअरमनसाहेब या गप्प बसणाऱ्यांचे पुढारी. राहायला ५०२ मध्ये. वार्षिक सभेत आप्पा उठले की ते हसून म्हणतात, "आप्पा, आपण जरा सकारात्मक विषय घेऊ." आप्पा बसत नाहीत. "माझं म्हणणं इतिवृत्तात घ्या." "घेऊ." "आत्ता वाचून दाखवा." सभा तिथंच संपते आणि मंडळी बटाटेवड्यांकडे वळतात.

बिल्डरची माणसं येतच नाहीत असं नाही. येतात. दोन जण, एक पांढऱ्या सिमेंटचं डबडं, एक पत्रा. भेगेत सिमेंट चोपतात आणि जवळपासच्या छटेचा रंग लावून जातात. आमच्या जिन्याच्या भिंतीवर त्यामुळे मोतिया रंगाच्या सात पिढ्या नांदतात. आप्पा त्यांच्या मागे उभे राहून सांगतात, "अरे बाबा, आधी भेग व्हीच्या आकारात खोल. जाळी टाक. मग पॉलिमरचं मॉर्टर भर. काँक्रीट आणि वीट एका मापानं आकसत नाहीत, सांधा उघडणारच." तो बिहारचा पोरगा शांतपणे ऐकून घेतो आणि पांढरं सिमेंट चोपतो. आप्पा मग त्याला चहा पाजतात आणि कामाच्या नोंदवहीत त्याची सही घेतात.

बिल्डरची पत्रंही वाचण्यासारखी असतात. ४०२ च्या भिंतीला आरपार ओल आली, तर उत्तर आलं, की सदनिकाधारकानं एसीसाठी भिंतीला छिद्र पाडल्यामुळे आमची जबाबदारी संपुष्टात आली आहे. एसी उत्तरेच्या भिंतीला, ओल पश्चिमेच्या. आप्पांनी होकायंत्राचा फोटो जोडून उत्तर पाठवलं. (होकायंत्राशेजारी वर्तमानपत्र होतंच.)

शेवटी आप्पा वकिलाकडे गेले. म्हणजे त्यांची तयारी स्वतःच भांडायची होती. रेरातही आणि ग्राहक आयोगातही तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो, हे त्यांनी आम्हाला अनेकदा ऐकवलं आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची 'सेवा' धरली, तो निकालही त्यांच्या पिशवीत असतो, झेरॉक्स करून, पिवळ्या खुणांसह. पण काकूंनी अट घातली, की एकदा शहाण्या माणसाला दाखवा. शहाणं माणूस म्हणजे शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एक तरुण वकील मॅडम. मला आप्पांनी पिशव्या उचलायला नेलं होतं.

मॅडमनी अर्धा तास फाइल चाळली. एकाच तड्याचे तीसेक फोटो पाहिले. मग पेन खाली ठेवून विचारलं, "आप्पा, तुम्हाला नेमकं काय हवंय? दुरुस्ती की भरपाई?"

"आदेश," आप्पा म्हणाले.

मॅडम कसलेल्या होत्या, हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. दुरुस्ती हवी असेल तर महारेरात ऑनलाइन तक्रार, फी पाच हजार रुपये. भरपाईचा आकडा ठरवायला तिथं वेगळे न्यायनिर्णय अधिकारी. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, पण तिथं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, त्यामुळे जुन्या ओलीची अडचण होईल. त्याआधी महारेराच्या सलोखा मंचात बसून मिटत असेल तर बघा. तिथं एक ग्राहकांचा प्रतिनिधी असतो, एक बिल्डरांचा. 'मिटत असेल' म्हटल्यावर आप्पांनी खुर्ची मागे सरकवली.

"आणि आदेश मिळाल्यावर?" त्यांनी विचारलं.

"भरपाईचे पैसे नाही दिले, तर वसुलीचं वॉरंट. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदाराकडे. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. वेळ लागतो."

हे ऐकून दुसरा कुणी खचला असता. आप्पा खुलले. महारेरा, जिल्हाधिकारी, तहसीलदार! तीन कार्यालयं, तिन्हीकडे आवक-जावक बारनिशी. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्यासमोर भरगच्च वर्षं उभी राहिली.

"पण तुमची डायरी पुरायची नाही," मॅडम म्हणाल्या. "स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल लागेल. ओल कुठून येते, कशामुळे येते, दोष मुळातला की नंतर कुणी फोडाफोड केल्यामुळे, हे त्यानं लिहून द्यायला हवं. सामाईक भागासाठी सोसायटीचा ठराव. आणि सगळ्यात आधी, पाच वर्षं पुरी व्हायच्या आत बिल्डरला दोषांची नोटीस पोचलेली हवी. फ्लॅटवार, मालकाच्या सहीनं." मग सहज विचारल्यासारखं, "तुमच्या फ्लॅटमध्ये काय काय दोष आहेत?"

आप्पा गप्प. मी छताकडे पाहिलं. सवय लागते.

"काही नाही," आप्पा पुटपुटले.

आप्पांचा ३०१ पहिल्या दिवसापासून ठणठणीत कोरडा आहे. भिंती सरळ, टाइल सगळ्या भरीव, खिडकीतून पावसाचा एक थेंब आत येत नाही. त्याच बिल्डरनं, त्याच सिमेंटनं, त्याच वर्षी बांधलेला. हे दुःख आप्पांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मॅडमकडून आल्यावर रात्री एकपर्यंत ते घरभर नाणं वाजवत होते म्हणे. पाहुण्यांच्या पलंगाखाली एक टाइल थोडी संशयास्पद वाटली, पण काकूंनी पलंग हलवू दिला नाही. थोडक्यात, आप्पांकडे कायदा होता, पुरावा होता, वेळ होता. फक्त गळती दुसऱ्यांची होती, आणि ते दुसरे सही द्यायला तयार नव्हते.

एकटे ६०२ वाले तयार झाले, कारण त्यांच्या बाथरूमच्या छतातून गिझरवरच पाणी पडायला लागलं होतं. वरच्या ७०२ चं म्हणणं, आमचं बाथरूम बिल्डरनं दिलं तसंच आहे. ६०२ चं म्हणणं, तुम्ही टाइल बदलल्यात. या भांडणात दोन घरांचा हळदीकुंकवाचा संबंध तुटला होता. आप्पांनी जाहीर केलं, की रंगाची चाचणी करू. वरच्या बाथरूमच्या नहाणीत रंगीत पाणी सोडायचं आणि ते खाली कुठे निघतं ते पाहायचं. इंजिनिअर लोक ही चाचणी खरोखर करतात. त्यासाठीचा वेगळा रंगही मिळतो. आप्पांनी रंगपंचमीचा उरलेला लाल रंग घेतला.

मी पंच. ७०२ मध्ये दोन बादल्या लाल पाणी ओतलं, वेळ लिहिली, सह्या झाल्या. खाली ६०२ मध्ये आम्ही स्टुलावर बसून वर बघत राहिलो. तास गेला, दोन तास गेले, एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ७०२ च्या वहिनी जिन्यात भेटतील तिथं मोठ्यानं हसायला लागल्या. आप्पांनी दाढी केली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचव्या मजल्यावर गलका झाला. ५०२ मध्ये, म्हणजे खुद्द चेअरमनसाहेबांकडे, फ्लॅट घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं. नवरा-बायको, बरोबर सासूबाई. चेअरमनसाहेब बेडरूममधलं फॉल्स सीलिंग दाखवत होते, मधोमध कमळ, कडेनं दिवे. सासूबाई वर पाहत होत्या. कमळाची एक पाकळी हळूहळू लाल झाली. मग दुसरी. मग सासूबाईंच्या पांढऱ्या पदरावर एक थेंब पडला आणि त्या "रामराम" म्हणत ज्या उठल्या त्या थेट पार्किंगमध्ये जाऊन थांबल्या.

सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा मुळातच नीट बसवलेला नव्हता. पाणी शाफ्टमधल्या पाइपाच्या अंगानं दोन मजले उतरून ५०२ च्या स्लॅबवर जात होतं. ६०२ च्या गिझरवर पडणारं पाणी वेगळ्याच ठिकाणचं निघालं, ते जाऊ द्या. प्लास्टरची एक पट्टी काढली तर आत चार पावसाळ्यांची बुरशी, गंजलेली चॅनेल आणि कोपऱ्यात एक प्लास्टिकची बादली. चेअरमनसाहेबांनी सीलिंग बसवतानाच आत बादली ठेवून दिली होती. आप्पांनी त्या बादलीचा फोटो काढला तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. काकू वर्तमानपत्र घेऊन आल्याच.

त्या रात्री चेअरमनसाहेब ३०१ मध्ये आले. मला आप्पांनी थांबवून ठेवलं होतं.

"आप्पा, मी काही विरोधात नाही," ते म्हणाले. "नोटीस देऊ आपण. माझी सही, ठराव, सगळं करू. पण आत्ता लगेच नको. ताबा आपण सगळ्यांनी दसऱ्याला घेतला. पाच वर्षं दसऱ्याला पुरी होतात, अजून वेळ आहे. तोवर माझा एक व्यवहार मार्गी लागतोय. दसऱ्याच्या दिवशीच देऊ ना! मुहूर्तही चांगला."

आप्पा उठले. स्वयंपाकघरातून भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यासकट घेऊन आले आणि टीपॉयवर पसरलं. शेजारी ताबापत्र ठेवलं.

"२०२१ चा दसरा १५ ऑक्टोबरला होता. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेला, म्हणून दसरा २० तारखेला आहे. तुमच्या मुहूर्तावर नोटीस दिली तर मुदत टळून पाच दिवस झालेले असतील." त्यांनी चष्मा पुसला. "रेराला अधिक महिना नाही, चेअरमनसाहेब."

चेअरमनसाहेबांनी दोन्ही कागदांवर बोट ठेवून तारखा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"पण मग गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"खरं सांगा. दोष आहे, मुदतीत नोटीस दिलेली आहे, दुरुस्ती बिल्डरच्या खर्चानं मागितली आहे. लेखी आहे म्हणावं. बादली दाखवण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा."

आत नळ टिपटिपत होता. चेअरमनसाहेबांनी पेन मागितलं. नोटीस तयारच होती. ५०२ ची जागा आप्पांनी चार वर्षं कोरी ठेवली होती. त्यांनी तीन प्रतींवर सह्या केल्या: एक बिल्डरला, एक मॅडमना, एक दफ्तरी. आप्पांनी प्रत्येक सही दिव्याखाली धरून तपासली, मग चौथी प्रत काढून चेअरमनसाहेबांच्या हातात दिली.

"ही तुमची."

चेअरमनसाहेब ती घडी करून खिशात घालायला लागले, तोच आप्पांनी त्यांचा हात धरला.

"अशी नाही. आधी माझ्या प्रतीवर पोच म्हणून सही करा. मिळाली म्हणून. खाली तारीख, आणि वेळ घाला."

"आप्पा, माझीच तक्रार, माझीच प्रत, आणि मीच पोच देऊ?"

"नाव पूर्ण लिहा," आप्पा म्हणाले, "नुसती सही वाचता येत नाही."